पहिल्या बाजूच्या मागे दहावी

मी दोन वर्षं काम केलं आणि ते काम होतं हे एकाही माणसाने कबूल केलं नाही. आता पन्नाशी जवळ आली तरी त्याचा राग गेलेला नाही, आणि तो जावा यासाठी मी काही प्रयत्नही केलेले नाहीत.

आम्ही राजूरला राहत होतो, कोळशाच्या खाणीमागच्या वस्तीत. बाबा खाणीच्या लॅम्परूममध्ये होते. खाली उतरणाऱ्या प्रत्येक माणसाने पितळी बिल्ला द्यायचा, बाबांनी त्याला दिवा द्यायचा. वर आल्यावर दिवा परत, बिल्ला परत. बिल्ल्याशिवाय बाबांनी सख्ख्या भावालाही कधी दिवा दिला नाही.

छप्पन साली आमची वस्ती नागपूरला जाऊन आली तेव्हा मी आठ वर्षांची होते. परत आल्यावर मायने देव्हारा रिकामा केला आणि त्यात मिठाची बरणी ठेवली. मग वस्तीची बैठक होऊन ठराव झाला, की यापुढे कोणाच्या दारचं शिळं घ्यायचं नाही आणि अंगावरचं उतरलेलं घ्यायचं नाही. ठराव मांडणाऱ्यांत बाबा पुढे होते. ‘उतरण’ हा शब्द तेव्हापासून आमच्या घरात शिवीसारखा झाला. मला एकदा बंगल्यावरून एक फ्रॉक मिळाला. चांगला होता, फुलांचा, एकही बटण तुटलेलं नव्हतं. मायने त्याच पावली मला परत पाठवलं.

बंगला म्हणजे खाणीच्या मॅनेजरसाहेबांचा. त्यांची बायको कलकत्त्याकडची होती. सगळे तिला मेमसाब म्हणत, मीही तेच म्हणते. लग्नाआधी ती मुलींना पियानो शिकवायची. राजूरला पियानो नव्हता आणि असता तरी उपयोग नव्हता, कारण तिची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती. कपाची कडीही धरवत नसे. तिच्याकडे विजेवर चालणारा ग्रामोफोन होता आणि दोन कपाटं भरून रेकॉर्डी. सगळ्या विलायती, दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या जर्मन आणि ऑस्ट्रियन लोकांनी रचलेल्या. गाणं एकातही नाही. नुसती वाद्यं, कधी शंभर माणसांची, कधी एकटा पियानो.

तिला रेकॉर्ड उचलता येत नव्हती, म्हणून मी. सातवीत होते. शाळा सुटली की चार ते सहा बंगल्यावर जायचं, असं खानसाम्याने बाबांना येऊन सांगितलं. पैशाची गोष्ट त्याने काढली नाही. साहेबाच्या बंगल्यावरचं बोलावणं, म्हणून बाबांनीही विचारलं नाही. पहिली चूक ती.

काम काय होतं ते नीट सांगते, कारण पुढे त्यावरच भांडण झालं. रेकॉर्ड लाखेची, ताटाएवढी आणि जड. हातातून सुटली की तुकडे. कडेला दोन्ही तळहातांत धरायची, मधे बोट लावायचं नाही. मखमलीच्या गादीने पुसायची, तीही चक्राच्या दिशेने. नवी पोलादी सुई बसवायची, स्क्रू आवळायचा, सुई काठावर ठेवायची, ठेवताना खर्र झालं की मेमसाब डोळे मिटायची. एका बाजूला चार-साडेचार मिनिटं. संपली की सुई काढून टाकायची, नवी बसवायची, पुढची बाजू लावायची. पाऊण तासाची एक रचना असेल तर हे दहा वेळा. मेमसाबला मधे थांबलेलं चालत नसे. वाजणं संपलं आणि पुन्हा सुरू झालं यात दहापर्यंत आकडे म्हणून होतील एवढाच वेळ मला होता. पहिल्या महिन्यात मला दोनदा पाण्याला उठायचं होतं आणि मी उठले नाही.

आणि बाजूंचा क्रम. तिच्याकडे पूर्वी कलकत्त्याला एक यंत्र होतं. त्याच्या दांड्यावर पाच रेकॉर्डींची चवड ठेवायची, ते आपोआप एकेक खाली टाकायचं. मग सगळी चवड एकदम उलटून पुन्हा ठेवायची. मोठे संच तिने त्या यंत्रासाठी घेतले होते. त्यामुळे पहिल्या रेकॉर्डीच्या मागे दुसरी बाजू नव्हती, दहावी होती. दुसरीच्या मागे नववी, तिसरीच्या मागे आठवी. यंत्र कधीच मोडलं होतं, त्याच्या जागी मी होते. पाचही रेकॉर्डींच्या पुढच्या बाजू आधी लावायच्या, मग शेवटच्या रेकॉर्डीपासून उलट्या येत येत मागच्या. पहिल्या दिवशी मी साध्या माणसासारखी रेकॉर्ड उलटली तेव्हा मेमसाबने खुर्चीच्या हातावर थाप मारली होती. दुसऱ्यांदा ती पाळी आली नाही.

दोन वर्षांत मला ते सगळं पाठ झालं. कोणी शिकवलं म्हणून नव्हे. रोज दोन तास एकच गोष्ट कानावर पडली आणि ती कुठे संपते याच्यावर तुमची नजर असली, की होतं. एका संचात चौथ्या बाजूच्या शेवटी क्लॅरिनेट वर चढत जायचं आणि अर्ध्या पायरीवर बाजू संपायची. त्या अर्ध्या पायरीवर मी सुई बदलायची आणि पाचव्या बाजूला ते पुढचं पाऊल टाकायचं. पुढे नोकरीला लागल्यावर मी नागपुरात त्याची कॅसेट घेतली. तिच्यात ते मधे न थांबता सरळ चढून गेलं आणि मला ते चुकीचं वाटलं. तोच संच मला सगळ्यांत आवडायचा. पाच रेकॉर्डी, मरून रंगाच्या जाड पुठ्ठ्याच्या पेटीत.

मेमसाब वाईट नव्हती. मधूनच बोट वर करून सांगायची, आता बासरी ऐक, आता मागचे व्हायोलिनवाले ऐक. पण दोन वर्षांत मी तिथे खुर्चीवर बसले नाही. ग्रामोफोनशेजारी उभी राहायची किंवा फरशीवर. तहान लागली तर खानसामा स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी ओंजळीत पाणी घालायचा, वरून. तो खिडकीतून दिसत होता. मेमसाबची खुर्ची त्याच खिडकीकडे तोंड करून होती.

मी नववीत गेले तेव्हा साहेबांची बदली ठरली. एका शनिवारी मेमसाबने मरून पेटी माझ्या हातात ठेवली आणि हिंदीत म्हणाली, “ये तेरा.” मी ती डोक्यावर घेऊन घरी आले. मोठेबाबांकडे, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाकडे, चावीचा ग्रामोफोन होता. लग्नात भोंगा लावून ते गाणी वाजवायचे. त्यावर मी रविवारी हा संच लावीन असं सगळं डोक्यात ठरवूनही झालं होतं.

बाबा दारातच उभे होते.

“काय हाय हे?”

“रेकॉर्डी. मेमसाबनं देल्ल्या.”

“कोनाच्या?”

“तिच्याच.”

“जुन्या?”

मी पेटी डोक्यावरून खाली घेतली. माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, “घरात तं येऊ द्या पोरीले, मंग इचारा.”

“पेटी बाहेर ठेव, मंग ये,” बाबा मला म्हणाले.

“हे उतरण नाही,” मी म्हटलं. “म्या दोन वर्सं काम केलं त्याची मजुरी हाय.”

बाबा विचारात पडले. त्यांना ते पटल्यासारखं वाटलं, आणि त्यामुळेच ते अडचणीत आले. ठराव मांडणारा माणूस स्वतःच्याच घरासाठी निकाल कसा देणार? दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळची वंदना झाली की विहारात सगळे जमलेलेच असत. विहार म्हणजे टिनाची शेड आणि मातीचा ओटा. बाबांनी पेटी तिथे नेली आणि मोठेबाबांना ग्रामोफोन आणायला सांगितला.

“पोरगी दोन वर्सं बंगल्यावर जाऊन राह्यली,” बाबा म्हणाले. “आता मेमसाब गाव सोडून राह्यली तं तिनं हे देल्लं. पोरगी म्हन्ते मजुरी हाय. मले समजून नाही राह्यलं. तुमी सांगा.”

“आधी वाजवून तं पाहू, कायचं काम होतं थे,” मोठेबाबा म्हणाले आणि चावी भरायला बसले.

“लग्नात चालंन काय हे, बाप्पा?” मागून एकाने विचारलं.

“नवरदेव पळून जाईन,” दुसरा म्हणाला.

मोठेबाबांनी पहिली रेकॉर्ड काढली. मधोमध बोटं लावून धरली. मी पुढे झाले. “मले लावू द्या.”

“बस खाली.”

“सुई तं बदला, मोठेबाबा. झिजलेल्या सुईनं घासते थे.”

“एका सुईवर चार लग्नं लावली म्या. एकाचंही मोडलं नाही.”

लोक हसले. रेकॉर्ड सुरू झाली. झिजक्या सुईखाली व्हायोलिनं पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी वाजत होती. माणसं मात्र गप्प बसून ऐकत होती, हे मला कबूल केलं पाहिजे. चार मिनिटांनी बाजू संपली आणि मोठेबाबांनी रेकॉर्ड उलटली.

“असं नाही,” मी म्हटलं. “आता दुसरी रेकॉर्ड लावा. हिच्या मांगं दहावी बाजू हाय.”

“पोरी, वीस वर्सं झाले मले रेकॉर्डी वाजवून. रेकॉर्ड उलटली का मांगची बाजू लागते. दहावी कुठून येईन?”

त्यांचंही काय चुकलं? त्यांच्या रेकॉर्डींना पुढे एक गाणं असायचं, मागे दुसरं. वीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. मी तिथे थांबायला हवं होतं. पण मी म्हटलं, “वर आकडा हाय ना. वाचा.”

मोठेबाबांना वाचता येत नव्हतं. सगळ्या वस्तीला ते माहीत होतं आणि कोणी ते तोंडातून काढत नव्हतं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खाली बसले. मोठेबाबांनी सुई टेकवली.

दहावी बाजू म्हणजे शेवट. सगळी माणसं एकत्र घाई करत सुटतात, ढोल सुरू होतात, मग एकच घोष पुन्हा पुन्हा, थांबल्यासारखं करून आणखी एकदा, आणि शेवटचा ठोका. तो ठोका पडला तेव्हा चार-पाच माणसं धोतर झटकत उठली.

“झालं ना?”

“झालं नाही,” मी म्हटलं. “आठ बाजू बाकी हायेत.”

“शेवट तं झाला वं. सगळ्याइनं आइकला. वणीच्या बँडवाल्यालेही इतका पक्का शेवट नाही जमत.”

मी सांगितलं, मधल्या बाजू कुठे आहेत, दोन्ही हातांनी चवड कशी उलटायची, यंत्र काय होतं. जितकं सांगावं तितकं ते बनवून सांगितल्यासारखं होत गेलं. ज्याचा शेवट कानांनी ऐकला ते संपलेलं नाही, हे कोणाला पटणार? एका म्हाताऱ्याने मला समजावणीच्या सुरात विचारलं, “पन मले सांग माय, हे लावताना तुले घाम आलता काय?”

मी खरं सांगितलं. “नाही. वर पंखा होता.”

त्यावर झालेलं हसणं अजून माझ्या कानात आहे. निकाल मोठेबाबांनी दिला. आवाज चढवला नाही. मी त्यांना ज्या ठिकाणी मारलं होतं ते ठिकाण ते झाकून बोलत होते हे मला दिसत होतं, आणि तरी मला त्यांचा राग आला.

“कोळसा भरला? दगड उचलला? आठ मिन्टं पंख्याखाली बसून बाजा आइकला. त्याची कायची मजुरी? जाताना मेमसाबनं जुनी वस्तू हातात देल्ली. हे उतरण हाय. आज रेकॉर्डी घेऊ, उद्या धोतर घेऊ, परवा ताटातलं घेऊ.”

कोणी विरोध केला नाही. माझी माय बायकांत बसली होती. तिने एवढंच म्हटलं, “रोज दोन घंटे जात होती पोरगी. आठ मिन्टं नाही.” ते कोणी ऐकलंच नाही.

दुपारी बाबांनी पेटी खांद्यावर घेतली. मी मागे. रस्त्यात चुन्याच्या भट्ट्यांपाशी ते थांबले आणि मागे न बघता म्हणाले, “मेमसाब लिहून देईन तं ठेवू.”

“काय?”

“का हा पगार हाय म्हनून. बिल्ला घेतल्याशिवाय म्या कोनाले दिवा देल्ला काय आजलोक? कागद असला का मोठेबाबा काही बोलत नाही. मी वाचून दाखवीन सगळ्याइले.”

तेव्हा मला बाबा एकदम शहाणे वाटले. मी त्यांच्या पुढे चालायला लागले.

व्हरांड्यात खोकी पडली होती, त्यांत गवत भरलेलं होतं. मेमसाब वेताच्या खुर्चीत होती. बाबांनी पेटी पायरीवर ठेवली आणि उभ्यानेच हिंदीत सांगितलं, “मेमसाब, बच्ची ने दो साल काम किया. ये उसका पगार है, इतना कागज पे लिख दो. बस.”

मेमसाबला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, “पगार? वो काम पे कब थी? वो तो मेरी बेटी जैसी है. मैंने प्यार से दिया.”

“प्यार से मत दो, मेमसाब,” बाबा म्हणाले. “पगार में दो.”

आयुष्यात बाबांचं इतकं चांगलं वाक्य मी दुसरं ऐकलं नाही. मेमसाबचे डोळे भरून आले. तिने वाकड्या बोटांचा हात वर केला. लिहिता येत नाही असं दाखवायला, की नको म्हणायला, ते कळलं नाही. खानसामा आत होता, तो लिहू शकला असता. साहेब आत होते. तिने कोणाला हाक मारली नाही. “नौकर को पगार देते हैं,” ती म्हणाली. “बेटी को कोई पगार लिख के देता है क्या?”

मुलीसारखी. मी तिच्या समोर, दोन हातांच्या अंतरावर उभी होते. बसायची खुर्ची रिकामी होती. ज्या मागच्या दाराशी मी ओंजळीने पाणी प्याले ते दार तिथून दिसत होतं. त्या एका शब्दाने तिने माझी दोन वर्षं खिशात घातली आणि वर स्वतःला चांगलंही वाटून घेतलं. विहारातली माणसं मला हसली होती, पण ती निदान मला काय केलंस असं विचारत होती.

बाबांनी आणखी एकदा सांगितलं. ती मान हलवत राहिली. मग पदराने नाक पुसून तिने मला म्हटलं, “जाने से पहले एक बार लगा दे, बेटी. वो पियानोवाला, धीमा. अब कौन लगाएगा?”

ग्रामोफोन अजून बांधला नव्हता. दारातून दिसत होता. बाबा हळूच म्हणाले, “लावून दे.”

“मेरी ड्यूटी खतम हो गई, मेमसाब,” मी म्हटलं आणि पायऱ्या उतरले.

परतीच्या वाटेवर बाबा चिडले होते. “बोटं चालत नाही तिचे. एक रेकॉर्ड लावून द्याले काय झालतं तुले?”

“तुमीच तं पगार मांगतला.”

“पगार मांगतला. तोंड नाही टाकलं.”

मी त्यांना सांगितलं की कागद नाही तर काम नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. त्यानंतर आठवडाभर आमचं बोलणं कामापुरतंच होतं.

चार दिवसांनी ट्रक सामान घेऊन गेला. शाळेतून येताना मी बंगल्याच्या फाटकाशी थांबले. व्हरांडा मोकळा होता. पायरीवर पेटी होती, बाबांनी ठेवली तिथेच. चौकीदार झाडून घेत होता.

“साहेबाच्या यादीत नव्हती म्हनून राह्यली,” तो म्हणाला. “ने पोरी. नाही तं म्या संध्याकाळी उकिरड्यावर टाकतो.”

मी आत गेले, पेटी उघडली. पाचही धड होत्या. वरच्या रेकॉर्डीवर मोठेबाबांच्या बोटांचे ठसे होते. मी फ्रॉकच्या काठाने ते पुसले, मधे बोट न लावता.

“ने म्हनतो ना.”

“टाकायच्या हायेत म्हनून देल्ल्या तं नाही नेत,” मी म्हटलं. “माझा पगार हाय तो.”

“मंग ने ना पगार.” तो हसला. तो माझं काहीच देणं लागत नव्हता.

मी पेटी बंद केली, तिथेच पायरीवर ठेवली आणि घरी आले. वस्तीत कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यांनी मला शाबासकी दिली असती आणि ती मला नको होती. मला रेकॉर्डी हव्या होत्या. एवढी वर्षं मी मेमसाबवर रागावले, मोठेबाबांवर रागावले, पंख्यावर हसलेल्या सगळ्यांवर रागावले. पण त्या फाटकाबाहेर रिकाम्या हाताने आलेल्या चौदा वर्षांच्या मुलीवर सगळ्यांत जास्त. तिला आज मी सांगितलं असतं, उचल, घरी ने, खाटेखाली ठेव. कागद मागाहूनही मागता येतो.